जिल्हा परिषदेत रोज काय चालते?

राज्यशास्त्राच्या पेपरला 'जिल्हा परिषदेची रचना व कार्ये' हा प्रश्न वर्षाआड हमखास येतो आणि आपण सगळे तो हमखास लिहितो. बळवंतराय मेहता समिती, वसंतराव नाईक समिती, त्रिस्तरीय रचना, विषय समित्या, अध्यक्षांचे अधिकार. तीन पाने भरतात, दहापैकी सहा गुण पडतात आणि विषय संपतो. मीही तसेच लिहीत आले. पण लिहिताना दर वेळी मला थोडे हसू येते. माझी आत्या २०१७ ते २०२२ अशी पाच वर्षे जिल्हा परिषदेची सदस्य होती, आणि तिच्या ओसरीवर मी जी जिल्हा परिषद पाहिली तिचा गाईडमधल्या जिल्हा परिषदेशी फारसा परिचय नसावा. गाईडात 'कार्ये' असतात. ओसरीवर माणसे असत. कोणाच्या गावच्या दवाखान्यात डॉक्टर राहत नव्हता, कोणाच्या वस्तीचा हातपंप चार महिने नुसता हवा ओढत होता, कोणाला शिलाई यंत्र मंजूर झाले होते पण मिळाले नव्हते.

आमच्या भागात कोणी 'जिल्हा परिषद' म्हणत नाही, 'झेडपी' म्हणतात. झेडपी आणि कलेक्टर कचेरी यांतला फरक बी. ए. झालेल्यांनाही नीट सांगता येत नाही, म्हणून तेवढा इतिहास आधी सांगते. त्याहून अधिक सांगणार नाही, कारण तो क्रमिक पुस्तकात आहे.

मेहता समितीने १९५७ साली पंचायत राज्याची शिफारस केली तेव्हा तिचा भर तालुक्याच्या पातळीवर होता आणि जिल्ह्याच्या परिषदेचे अध्यक्षपद कलेक्टरकडे असावे असा तिचा विचार होता. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली नेमलेल्या नाईक समितीने ही दोन्ही मते बाजूला ठेवली. खरे अधिकार जिल्ह्याच्या संस्थेला द्यावेत, आणि कलेक्टरला तिच्यापासून अलग ठेवावे, असे तिने सांगितले. आमदार-खासदारांनाही तिने सदस्यत्वापासून दूर ठेवले. १९६१ चा कायदा झाला, १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या, आणि इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली जिल्हा लोकल बोर्डे व शाळांचा कारभार पाहणारी स्कूल बोर्डे त्यांच्यात विलीन झाली. तेव्हापासून प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यात दोन मोठी कार्यालये आहेत. सात-बारा, महसूल, पुरवठा आणि निवडणूक कलेक्टरकडे. प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, गुरांचा दवाखाना, अंगणवाडी, गावचा रस्ता आणि गावचे पाणी झेडपीकडे. माणसाला जन्मापासून रोज ज्याची गरज पडते ते बहुतेक सगळे या दुसऱ्या कार्यालयात आहे, आणि लाल दिव्याचा रुबाब मात्र लोकांच्या मनात पहिल्याचा. (झेडपीच्या अध्यक्षांनाही राज्यमंत्र्याचा दर्जा आहे. लाल दिवा २०१७ साली सर्वांच्याच गाड्यांवरून गेला, तो भाग वेगळा.)

राज्यात आज ३६ जिल्हे आणि ३४ जिल्हा परिषदा आहेत, कारण मुंबईच्या दोन जिल्ह्यांत खेडीच नाहीत. सदस्य निवडून येतात ते 'गटा'तून. एका गटात पंचायत समितीचे दोन 'गण' असतात. आत्याचा गट मोठा नव्हता, तरी एका टोकाच्या वाडीवरून दुसऱ्या टोकाच्या वाडीवर जायला एस. टी. दोनदा बदलावी लागे.

मी नववीत असताना, २०१९ सालच्या दिवाळीनंतर, आत्याने मला एका सर्वसाधारण सभेला नेले. सभा सर्वांना खुली असते हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. कदाचित इतरांनाही नसावे, कारण मागच्या बाकांवर मी, दोन वार्ताहर आणि एक झोपलेले गृहस्थ एवढेच होतो. व्यासपीठावर अध्यक्षा, उपाध्यक्ष, सभापती आणि मुख्य कार्यकारी अधिकारी. एका बाजूला खातेप्रमुख : शिक्षण, आरोग्य, बांधकाम, कृषी, पशुसंवर्धन, समाजकल्याण, पाणीपुरवठा, वित्त. प्रत्येकाच्या मांडीवर फायलींची चवड. समोर सदस्य. मला वाटले होते, आता भाषणे होतील. भाषणे झालीच नाहीत असे नाही, पण सभेचा बराचसा वेळ एका कागदावर गेला. त्या कागदाचे नाव विषयपत्रिका.

विषयपत्रिका सभेच्या पंधरा दिवस आधी घरी येते. तिच्यातला पहिला विषय ठरलेला : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. दुसराही ठरलेला : मागील सभेतील ठरावांचा अनुपालन अहवाल. नंतर खात्यांचे विषय, मंजुऱ्या, निविदा, दुरुस्त्या, आणि शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. वार्ताहर या शेवटच्या मथळ्याची वाट पाहत बसतात, कारण भांडणे तिथे होतात. आत्या मात्र म्हणे, "अगं, खरी सभा पहिल्या दोन विषयांत असते. बाकीचं सगळं आधीच ठरून आलेलं असतं."

तिचे म्हणणे मला त्या दिवशी कळले नाही. आमच्या शाळेची गोष्ट घडत गेली तसे कळले.

आमच्या गावच्या शाळेला कौलारू जुन्या तीन खोल्या होत्या. भिंतींना तडे, वाशांना वाळवी. मी चौथीत असताना एका पावसाळ्यात कौले आत पडली. रविवार होता म्हणून कोणाला लागले नाही. तेव्हापासून त्या खोल्यांना कुलूप आणि पहिली-दुसरीची मुले मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात. गावाचे म्हणणे साधे होते : पाडा आणि नव्या बांधा. पण झेडपीच्या मालमत्ता नोंदवहीत त्या तीन खोल्या 'इमारत' म्हणून उभ्या होत्या. नोंदवहीतली इमारत पाडायची तर आधी ती नोंदवहीतून काढावी लागते. या क्रियेला 'निर्लेखन' म्हणतात. शब्द ऐकून मला वाटले होते की हा संस्कृत व्याकरणातला एखादा प्रकार असेल.

निर्लेखनाचा प्रवास असा. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मुख्याध्यापकांचा अर्ज, गटशिक्षणाधिकाऱ्यांची शिफारस. मग बांधकाम उपविभागाच्या अभियंत्याने येऊन खोल्या पाहायच्या, त्या धोकादायक असल्याचा दाखला द्यायचा, आणि जुने लाकूड, कौले, पत्रे यांची किंमत काढायची, कारण त्या सामानाचा लिलाव करून पैसे जमा करावे लागतात. मग प्रस्ताव जिल्ह्याला, शिक्षण खात्याकडून बांधकामकडे, बांधकामकडून परत शिक्षणकडे, आणि शेवटी मंजुरीसाठी सभेपुढे. तोपर्यंत जुन्या खोल्या पाडता येत नाहीत, आणि त्या उभ्या आहेत तोपर्यंत नव्या खोल्यांची मागणी पुढे सरकत नाही, कारण कागदावर शाळेला पुरेशा खोल्या आहेत! राज्यात जिल्हा परिषदांच्या ६० हजारांच्या आसपास शाळा आहेत. त्यांतल्या किती जुन्या खोल्या अशा कागदावर उभ्या असतील, याचा विचार केला की त्या लांबलचक विषयपत्रिकांचे कोडे उलगडते.

आमचा प्रस्ताव २०१८ साली तालुक्यातून निघाला आणि जिल्ह्यात कुठेतरी थांबला. आत्याने सभेत प्रश्न विचारला. अधिकाऱ्यांनी 'माहिती घेऊन सांगतो' म्हटले. इथपर्यंत काहीच विशेष नाही. बाहेर कोणीही विचारले तरी हेच उत्तर मिळते. विशेष इतकेच की सभेत विचारलेला प्रश्न इतिवृत्तात लिहिला जातो. तीन महिन्यांच्या आत पुढची सभा घ्यावीच लागते असे कायदा सांगतो, आणि त्या सभेच्या दुसऱ्या विषयाखाली त्या अधिकाऱ्याला सगळ्यांसमोर उभे राहून सांगावे लागते की माहिती घेतली का आणि काय झाले. पुढच्या सभेत तो म्हणाला, 'प्रस्तावात त्रुटी आहेत.' हेही लिहिले गेले. त्याच्या पुढच्या सभेत आत्याने त्रुटी कोणत्या ते वाचून दाखवायला सांगितले. एक दाखला जोडायचा राहिला होता. तो दाखला तालुक्याच्या कार्यालयातच होता. २०१९ च्या ज्या सभेला मी गेले होते त्या सभेत निर्लेखनाच्या यादीत आमच्या शाळेचे नाव बाविसावे होते. यादी वाचली गेली नाही. 'विषय क्रमांक अमुक, मंजूर?' 'मंजूर, मंजूर.' सूचक, अनुमोदक, पुढे. दहा सेकंद लागली असतील. आत्याने मागे वळून माझ्याकडे पाहिले. मला काही समजले नव्हते, मी आपली जेवणात जिलबी आहे की नाही याच्या विचारात.

सदस्याची ताकद किती असते याविषयी खेड्यात अवास्तव समजुती आहेत, म्हणून पैशाचेही थोडे सांगते. झेडपीचे अंदाजपत्रक मार्चमध्ये मांडले जाते तेव्हा वर्तमानपत्रात मोठे आकडे येतात. पण हाताखालून जाणारा बहुतांश पैसा सरकारचा असतो, त्यातला फार मोठा भाग शिक्षक आणि कर्मचारी यांच्या पगाराचा, आणि उरलेला ज्या त्या योजनेच्या नावाने बांधून आलेला. सभागृहाला स्वतःच्या मताने खर्च करता येतो तो 'सेस'चा, म्हणजे परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नाचा निधी : जमीन महसुलावरचा उपकर, जमीन-घरांच्या व्यवहारांवरच्या मुद्रांक शुल्कातला वाटा, ठेवींचे व्याज, गाळ्यांचे भाडे. त्यातूनही २० टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी बाजूला काढायचे. उरलेले पन्नास-साठ सदस्यांत वाटले की प्रत्येकाच्या गटाला एखादी गटाराची लांबी, एखादे स्मशानभूमीचे शेड, एवढेच येते. शहराजवळच्या जिल्ह्यांत जमिनीचे व्यवहार जोरात असतात, म्हणून तिथल्या परिषदा सधन. आमच्याकडे जमीन विकली जाते ती कर्जापायी, आणि तीही थोडी.

शिलाई यंत्राची गंमत याच निधीतली. पूर्वी परिषद यंत्रे खरेदी करून वाटत असे आणि त्या खरेदीच्या सुरस कथा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये सरकारने ठरवले की वस्तू वाटायची नाही, लाभार्थ्याने ती स्वतः विकत घ्यावी, पावती दाखवावी, मग पैसे त्याच्या बँक खात्यात जमा होतील. हेतू उत्तम आणि खरेदीतले घोटाळे पुष्कळ कमी झाले असे सगळेच म्हणतात. पण जिच्याजवळ यंत्र घ्यायला आधी पैसे आहेत तिला यंत्र मिळू लागले. आत्याच्या ओसरीवर आलेल्या एका बाईने विचारले होते, "ताई, पैसं असतं तर तुमच्याकडं कशाला आले असते?" आत्याने हा प्रश्न जसाच्या तसा महिला व बालकल्याण समितीत विचारला. त्याचे उत्तर इतिवृत्तात 'शासन निर्णयानुसार कार्यवाही करण्यात येत आहे' असे आहे. सगळ्याच प्रश्नांना शाळेसारखा शेवट नसतो.

रस्त्यांचेही तसेच. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग झेडपीचे. खड्डा कोणाचा हे ठरवण्यात एक पावसाळा जातो. आणि ज्या वाटेला नोंदवहीत क्रमांकच नाही तिच्यावर खडीची एक पाटी टाकायलाही पैसा मिळत नाही, मग तिच्यावरून शंभर वर्षे बैलगाड्या जात असोत. आत्याने पाच वर्षांत दोन वाटांना क्रमांक मिळवून दिले. डांबर एकीवरही पडले नाही. तरी ती हे काम आपल्या मोठ्या कामांत धरते आणि मला वाटते ती बरोबर आहे.

जुने सदस्य सांगतात की पूर्वी मे महिना म्हणजे सदस्यांचा सुगीचा काळ, कारण शिक्षकांच्या बदल्या. घरासमोर मोटारसायकलींची रांग लागे. २०१७ च्या धोरणानंतर बदल्या संगणकावर होऊ लागल्या आणि रांग आटली. आत्या नवीनच होती, तिला त्याचे काही वाटले नाही. आमच्या मामांना, म्हणजे तिच्या यजमानांना, जरा वाटले असावे. सुरुवातीला ते तिच्याबरोबर सभागृहाच्या दारापर्यंत जात आणि शिपायाने अडवले की रागावत. महिलांना निम्म्या जागा २०११ च्या दुरुस्तीने मिळाल्या, पण शेजारची खुर्ची यजमानांची नाही हे पचायला वेळ लागला. पहिल्या वर्षी आत्याचे प्रश्न मामा लिहून देत. दुसऱ्या वर्षी ती स्वतः लिहू लागली. तिसऱ्या वर्षी मामा तिची विषयपत्रिका वाचायला मागत आणि ती म्हणे, "हात धुऊन या आधी."

मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या २५ जिल्हा परिषदांची मुदत संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, निवडणुका झाल्या नाहीत, आणि मुख्य कार्यकारी अधिकारी हेच प्रशासक झाले. या व्यवस्थेत एक मौज आहे. अधिकारी म्हणून जो प्रस्ताव सादर करायचा तोच प्रशासक म्हणून मंजूर करायचा. कागद एकच, सही करणारा हात एकच, पदनाम तेवढे निराळे.

मी प्रशासकाच्या कारभाराला नावे ठेवायला हा लेख लिहीत नाही. उलट, पुष्कळ कामे भराभर झाली हे मान्य केले पाहिजे. निर्लेखनाला सभेची वाट पाहावी लागली नाही. 'अमुक सदस्याच्या गटात आधी द्या' हा रेटा थांबला. सदस्यांतही सगळे माझ्या आत्यासारखे नव्हते. पाच वर्षांत एकदाही तोंड न उघडलेले होते, आणि फक्त निविदांच्या विषयाला तोंड उघडणारे तर बरेच. मी गेले होते त्याच सभेत एका सदस्याने दीड तास एका कंत्राटदाराच्या बिलावर घालवला आणि आरोग्य केंद्रांतल्या औषधांचा विषय वेळेअभावी पुढे ढकलला गेला. कॉलेजातले एक सर म्हणतात की कार्यक्षम अधिकारी असेल तर सदस्य हवेतच कशाला. त्यांच्याशी मी वर्गात वाद घातला आहे, आणि वादात हरलेही आहे, कारण त्यांच्याकडे आकडे होते आणि माझ्याकडे एका शाळेची गोष्ट.

पण हिशोबाची दुसरी बाजूही आहे. १५ व्या वित्त आयोगाच्या ग्रामीण अनुदानातून आपल्या राज्यात ८० टक्के ग्रामपंचायतींना, १० टक्के पंचायत समित्यांना आणि १० टक्के जिल्हा परिषदांना, अशी वाटणी ठरली होती, आणि या अनुदानासाठी रीतसर निवडून आलेली संस्था असणे ही अट होती. जिथे प्रशासक आले तिथे वरच्या दोन वाट्यांचा पैसा अडकला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, त्यानंतर गटांची रचना नव्याने झाली, आरक्षणाच्या सोडती निघाल्या. म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ या संस्था होत्या, कार्यालये उघडत होती, पगार होत होते, पावत्या फाटत होत्या. सभा तेवढी नव्हती.

सभा नसल्याने नेमके काय गेले, हे मी आत्याला विचारले. मला वाटले ती लोकशाही वगैरे म्हणेल. ती म्हणाली, "दुसरा विषय गेला."

आमच्या शाळेच्या जुन्या खोल्या २०२० च्या उन्हाळ्यात, टाळेबंदी होती तेव्हा, पाडल्या. २०२१ साली तीन नव्या खोल्यांपैकी दोन मंजूर झाल्या आणि बांधूनही झाल्या. त्या चांगल्या आहेत. तिसरीचा चौथरा घातला आणि काम थांबले. निधी दुसरीकडे वळला असे कोणी म्हणाले, कंत्राटदार सोडून गेला असे कोणी म्हणाले. ग्रामस्थ जिल्ह्याला दोनदा जाऊन आले. अर्ज घेतला, पोच दिली. अधिकारी सौजन्याने वागले, माहिती घेऊन सांगतो म्हणाले, आणि नंतर त्यांची बदली झाली. नवीन आलेल्यांनाही माहिती घ्यायचीच होती.

आत्याच्या कपाटात पाच वर्षांच्या इतिवृत्तांच्या प्रती दोऱ्याने बांधून ठेवलेल्या आहेत. या लेखासाठी मी त्या चाळल्या. सगळ्यात वरची प्रत मार्च २०२२ च्या सभेची. तिच्यात विषय क्रमांक दोनखाली आत्याचे नाव आहे, शाळेचे नाव आहे, तिसऱ्या खोलीचे काम का थांबले हा प्रश्न आहे, आणि त्याखाली नेहमीचे वाक्य : 'याबाबतचा सविस्तर अहवाल पुढील सभेत सादर करण्यात यावा.'

चौथऱ्यावर आता मुले मधल्या सुट्टीत लगोरी खेळतात. दुसरीचा वर्ग अजून देवळातच भरतो.